लटकी बंदूक



धर्मगुरूने बंदुकीविषयी लिहावे, हे तुमच्यापैकी अनेकांना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या हिवाळ्यात मी आमच्या मुलांबरोबर बसून एक नव्हे, सहा बंदुका तयार केल्या. आणि त्या करीत असताना एका मातेने मला विचारलेला प्रश्न अजूनही माझ्या कानांतून गेलेला नाही. आपल्या खेडोपाडीच्या घरांतही हुशार हातांची मुले आहेत, म्हणून ही हकीकत तुमच्यापुढे ठेवतो.

मी सध्या इंदूर येथे असतो. होळकरांच्या या नगरीत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहात आली आहेत, आणि अलीकडे कामधंद्यासाठी आलेली आपलीही काही घरे येथे आहेत. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून हे शहर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. त्यामुळे येथील लहान मुलांनाही ओला कचरा कोणता, सुका कोणता हे तोंडपाठ असते. आमच्या मुलांनी तर सुक्या कचऱ्यावर आपला पहिला हक्क सांगितला होता. कचऱ्याची गाडी येण्यापूर्वी पुठ्ठे, डबे, तारा, मोडक्या छत्र्या हे सारे सभागृहामागच्या खोलीत जमा होई.

या मुलांत एक चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याचे वडील रंगारी. आई चार घरी स्वयंपाक करते. मोडलेली वस्तू याच्या हाती दिली की ती दुसऱ्या दिवशी चालू होऊन परत येई. नाताळच्या गोठ्यातील फिरते चक्र त्यानेच एका जुन्या पंख्यापासून केले होते. २०२५ च्या दिवाळीच्या दोन दिवस आधी तो धावत माझ्याकडे आला. त्याच्या हातात नळांच्या तुकड्यांची एक बंदूक होती. ‘फादर, मी स्वतः केली. बाजारातली दीडदोनशेला मिळते, माझी जवळजवळ फुकट झाली!’ मी एका पत्राला उत्तर लिहीत होतो. मी मान वर करून पाहिले, सांधे नीट बसले आहेत असे दिसले, आणि म्हणालो, ‘शाबास! तुझ्या हातात कला आहे.’ तिच्यात काय घालतात, ती कशाने वाजते, हे मी विचारले नाही. पत्राला पुन्हा हात घातला.

त्या दिवाळीत मध्य प्रदेशात काय घडले, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी वृत्तपत्रांत वाचले असेल. ‘कार्बाइड गन’ या नावाने ओळखले जाणारे ते खेळणे भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर, विदिशा अशा गावोगावी विकले गेले, घरोघरी केलेही गेले, आणि शंभराहून अधिक माणसांचे, त्यांतही मुख्यतः मुलांचे, डोळे जायबंदी झाले. काहींची दृष्टी गेली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत त्यावर बंदीचे हुकूम निघाले. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन नावाचा वायू सुटतो. लोखंड जोडणारे कारागीर याच वायूची ज्योत वापरतात. मागे जो लगदा उरतो तो चुन्याचा. म्हणजे अशी नळी फुटली तर डोळ्याला एकदम दोन इजा होतात: स्फोटाची आणि चुन्याची. आणि चुना हा डोळ्याच्या काळ्या बुबुळावरील पारदर्शक पडदा आत आत जाळीत जातो.

आमच्या मुलाची बंदूक पहिल्या रात्री तीन वेळा वाजली. चौथ्या वेळी वाजेना. काय अडले म्हणून त्याने आत डोकावून पाहिले.

रुग्णालयाच्या ओवरीत त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ गेलो, तशी ती पदर सावरून उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, ‘फादर, तुम्हीच त्याला शाबासकी दिली होती ना?’

मी ‘होय’ म्हणालो. त्यापुढे बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. उजवा डोळा वाचला. डाव्याने त्याला आता उजेड आणि सावली एवढाच भेद कळतो.

नाताळ जवळ येऊ लागला तशी आमच्या तरुणांनी प्रजासत्ताकदिनाच्या नाटकाची बोलणी सुरू केली. विषय त्यांनी आधीच ठरविला होता: १ जुलै १८५७. त्या दिवशी इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा डागल्या गेल्या, कर्नल ड्युरँड यांना आपल्या माणसांसह शहर सोडून सिहोरच्या दिशेने निघून जावे लागले, आणि उठावाचे पुढारीपण करणाऱ्या सआदत खान यांना पुढे १८७४ साली पकडून येथेच फाशी देण्यात आले. विषय उत्तम होता. परंतु शिपायांवाचून तो दाखवता येईना, आणि शिपाई म्हटले की बंदुका आल्या. मी तात्काळ सांगितले, ‘बंदुकांचे नाटक यंदा नको.’ मुले गप्प बसली. माझ्या मनाला बरे वाटले. आपण जबाबदारीने वागलो, असे समाधानही वाटले.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा काळा चष्मा लावून आला. म्हणाला, ‘फादर, माझ्यामुळे नाटक बंद करू नका. सगळे मला दोष देतील.’ मी म्हटले, ‘बाळ, तुला पुन्हा त्या वस्तूजवळ मी कसा जाऊ देऊ?’ त्यावर त्याने दिलेले उत्तर मी विसरणार नाही. ‘ती बंदूक खोटी दिसत होती, पण आतून खरी होती. आपण खरी दिसणारी आणि आतून खोटी करू.’

त्या मुलाने एका वाक्यात जे सांगितले ते मला वयाची चाळिशी उलटल्यावरही सुचले नव्हते. दोष हातांचा नव्हता, कलेचाही नव्हता. आत काय आहे हे कोणी विचारले नाही, हा दोष होता. आणि तो माझा होता. मी त्याच्या वडिलांना भेटलो, नाटकातील बंदुका कशाच्या असतील ते समजावून सांगितले आणि प्रत्येक घटकेला मी स्वतः त्या खोलीत बसेन असा शब्द दिला. वडिलांनी होकार दिला. आई काहीच बोलली नाही.

आता ती बंदूक कशी झाली ते ऐका. त्या काळचा नमुना म्हणून आम्ही १८५३ च्या एनफील्ड बंदुकीचे चित्र समोर ठेवले. हिच्याच काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला, हे शाळेत आपण शिकलो आहोत. तिची लांबी ५५ इंच, त्यांपैकी नळी ३९ इंचांची, वजन सुमारे सव्वाचार किलो, आणि नळीला दस्त्याशी बांधणारी तीन कडी. मच्छरदाणीची जुनी काठी घेऊन तिच्यावर वर्तमानपत्राचा एकेक कागद कणकेच्या खळीने गुंडाळला. एक थर वाळल्यावर दुसरा. घाई केली की कागदाला सुरकुत्या पडत आणि सारे पुन्हा सोलावे लागे. नळी पुरेशी जाड झाल्यावर मुले काठी ओढून काढू लागली, तेव्हा तो म्हणाला, ‘काठी आतच राहू दे. नळीला भोकच नको.’ मग बंदुकीचे तोंड कसे दाखवायचे? त्याने टोकावर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर काजळीने एक काळाभोर वाटोळा ठिपका काढला. चार हातांवरून पाहणाऱ्यालाही ते खोल भोक वाटे. बोट लावले तर बोट काळे होई.

दस्ता पुठ्ठ्याचा केला. फ्रीजच्या खोक्याचे आठ तुकडे एका आकारात कापून एकमेकांवर डकवले, कडा काचकागदाने घासल्या. वर गेरू आणि थोडी काजळी मिसळून रंग दिला आणि तो ओला असतानाच मोडक्या फणीने रेघा ओढल्या, तसे लाकडाचे रेषे उमटले. कडी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. हात कापू नये म्हणून त्यांच्या कडा दुमडून ठोकल्या. घोडा झिजलेल्या रबरी चपलेच्या तळव्यातून कापला, चाप कपडे टांगायच्या तारेचा, ठासणीचा गज मोडक्या छत्रीच्या दांडीचा. कागदाला लोखंडाची झाक आणण्याची युक्ती रंगारी बापाकडून आली. काळा रंग वाळला की त्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड चिंधीने घासायची. पहिल्या बंदुकीवर ती घासली तेव्हा खोलीतील सारी मुले एकदम गप्प झाली, इतकी ती लोखंडी दिसू लागली.

तरीही तालमीत काहीतरी चुकत होते. मुले बंदूक अशी नाचवीत की जणू केरसुणीच! मग दस्त्याच्या पोकळीत दोन किलो वाळूची पुरचुंडी बसविली. लगेच मुलांचे खांदे वाकले, पावले जड पडू लागली आणि शिपाई शिपायांसारखे चालू लागले. सोंगालाही वजन लागते, हे मला त्या दिवशी कळले. नेम धरण्याचा प्रवेश बसविताना एका मुलाला डावा डोळा मिटता येईना. आमचा कारागीर हसून म्हणाला, ‘नेम धरायला एकच डोळा लागतो. ते मला जमेल.’ सगळे क्षणभर स्तब्ध झाले. मग तोच पुन्हा हसला, म्हणून इतरही हसले. मी मात्र खिडकीकडे तोंड फिरविले.

आवाज आणि धूर यांचाही प्रश्न होताच. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या पडद्याआड एकमेकींवर आपटल्या की बार उडाल्याचा भास होतो. जुन्या मोज्यात पावडर भरून झटकली की धूर दिसतो. विस्तव, दारू, टिकली, यांतले काही रंगमंचावर येणार नाही, हा आमचा पहिला नियम होता. दुसरा नियम असा की लटकी बंदूकसुद्धा माणसाच्या अंगावर रोखायची नाही. नेम शेजारून जावा, प्रेक्षकांना फरक कळत नाही. तिसरा, तालीम संपली की बंदुका मोजून कुलपात. हे नियम काहींना अतिरेकी वाटले. मी त्यांना सांगितले की २०२१ साली अमेरिकेत एका चित्रपटाच्या तालमीत, रिकामी आहे असे सांगून हाती दिलेल्या बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रण करणारी स्त्री प्राणास मुकली. त्याच देशात २०१४ साली बारा वर्षांचा एक मुलगा खेळण्यातले पिस्तूल घेऊन बागेत खेळत असता पोलिसाच्या गोळीने मेला, कारण ते खरे वाटले. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र कायद्यातही नकली बंदुकीचे परवान्यावाचून खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे हा गुन्हा मानला आहे. तात्पर्य, खोट्या वस्तूलाही खरी मर्यादा हवी.

तालमी सुरू होऊन तीन आठवडे झाले असतील. एका संध्याकाळी त्या मुलाची आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी उठलो. तिने काही न बोलता एक बंदूक उचलली, तोंडाच्या काळ्या ठिपक्यावर अंगठा दाबला, चाप ओढून पाहिला, दस्ता हलवून आतली वाळू ऐकली. सारे पाहून झाल्यावर म्हणाली, ‘हिला खांद्याचा पट्टा नाही.’ दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे दोन जुने कातडी पट्टे आणि एका विटलेल्या लुगड्याचे काठ तिने मुलाबरोबर पाठविले. सहाही बंदुकांना पट्टे झाले. एवढेच. क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि मीही विचारले नाही.

२६ जानेवारी २०२६ रोजी नाटक झाले. दिव्यांचा झोत डोळ्याला सोसत नाही म्हणून तो मुलगा पडद्याआड फळ्या घेऊन बसला होता. एकही बार चुकला नाही. पुढच्या रांगेतील एका निवृत्त सुभेदारांनी प्रयोगानंतर बंदूक हातात घेतली, तोंडावर बोट टेकवले आणि काळे झालेले बोट पाहून मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी मुलांनी स्वतःच बंदुका उलगडल्या. पत्रा पत्र्यात, पुठ्ठा पुठ्ठ्यात गेला, काठ्या पुन्हा मच्छरदाणीला लागल्या आणि वाळू बागेत. एक बंदूक तेवढी माझ्या कपाटात आहे.

मध्य प्रदेशातच, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७८ च्या सुमारास अरविंद गुप्ता या अभियंत्याने काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून मुलांसाठी खेळणी करण्यास आरंभ केला. पुढे पुण्यात राहून त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांना शिकविली. तेव्हा मुलांच्या हातांतून जुने डबे आणि नळ्या काढून घ्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण मुलगा काही करून आणील तेव्हा हातातले काम क्षणभर खाली ठेवा. वस्तू हातात घ्या, उलटीसुलटी करा आणि विचारा, ‘हिच्या आत काय आहे? ही कशाने चालते?’ शाबासकी त्यानंतर द्या. आणि दुर्दैवाने कधी मुलाच्या डोळ्यात चुना वा असे काही गेलेच, तर डोळा चोळू देऊ नका. भरपूर स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ धरा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

परवा तो मुलगा पुन्हा माझ्याकडे आला. हातात काहीतरी पुठ्ठ्याचे होते. मी लेखणी खाली ठेवली, खुर्ची ओढून त्याला बसविले आणि म्हणालो, ‘दाखव. आधी आतून दाखव.’