गोव्याचा चिखल आणि मोटारीचा रहाट

पावसाळ्यांत अनमोडचा घाट उतरून मोले गांवाकडून गोव्यांत शिरणें हा नेत्रोत्सव खराच. परंतु डांबरी सडक सोडून कुळागरांपलीकडील तांबड्या वाटेला लागलें, म्हणजे प्रवाशाचें लक्ष सृष्टिसौंदर्यावरून चाकांकडे वळतें. जांभ्याची ही माती उन्हाळ्यांत विटेसारखी कठीण, तर आषाढांत लोण्यासारखी निसरडी. मलेशियांत 1997 सालीं सुरू झालेली ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही मोटारींची स्पर्धा 2014 सालीं भारतांत आली, ती याच भूमींत व भर पावसाळ्यांत, यांत नवल नाहीं.

चाकें रुतलीं कीं बैल जुंपण्याचा जुना उपाय आतां दुर्मिळ झाला. त्याच्या जागीं मोटारीच्या पुढच्या अंगास बसविलेला विजेचा रहाट, ज्यास विंच म्हणतात, तो आला. दोर झाडाला बांधावा, कळ दाबावी, आणि गाडीनें स्वतःस ओढून घ्यावें! माझ्या पुतण्यानें असा रहाट घेतला, तेव्हां घरांत खल झाला तो रहाटाच्या बळाविषयीं नव्हे, तर त्यास वीज पुरवावी कशी याविषयीं.

गणित साधें आहे. पूर्ण भार पडला असतां 12 व्होल्टांचा मोठा रहाट सुमारें 400 अँपिअर प्रवाह घेतो; म्हणजे ढोबळ मानानें 4,800 वॉट. गाडीचा आल्टर्नेटर बहुधा 100 अँपिअरच्या आसपास देणार. उरलेली तूट बॅटरीनें भरावयाची. एकच बॅटरी असेल तर ती कांहीं मिनिटांतच थकते, आणि ओढ्याच्या मध्यावर एंजिन बंद पडल्यास तें पुन्हां सुरू करण्यास शक्ति उरत नाहीं. वर डोंगरांत पाऊस कोसळत असतां ओढ्याचें पाणी घटकेंत चढतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाहीं.

उपाय दोन. पहिला 24 व्होल्टांचा. तेवढ्याच कामास प्रवाह निम्मा लागतो, व त्याच तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारा अपव्यय चतुर्थांशावर येतो. परंतु गाडीची इतर व्यवस्था 12 व्होल्टांची. तेव्हां एकापुढें एक जोडलेल्या दोन बॅटऱ्या भरण्यास निराळी योजना करावी लागते. दुसरा उपाय 12 व्होल्टांच्याच दोन बॅटऱ्यांचा: एक एंजिनासाठीं, एक रहाटासाठीं, आणि मध्यें पृथक्कारक, जो एंजिन चालू असतां दोन्ही भरूं देतो व विजेचा दाब उतरतांच त्यांस विलग करतो. पुतण्यानें दुसरा पत्करला. माझाही कौल त्यालाच होता. रानांत बिघाड झाल्यास जवळच्या गांवच्या मिस्त्रीस उमगेल तीच योजना बरी.

तांब्याची तार जाड व शक्य तितकी आंखूड असावी. प्रवाह तोडण्याची कळ हाताशीं असावी. आणि ओढतांना एंजिन चालूच ठेवावें. कप्पी लावून दोर दुहेरी केला, तर वेग निम्मा होतो खरा, पण रहाटावरील ओढही जवळजवळ निम्मी होऊन प्रवाह पुष्कळ उतरतो. झाडास मात्र उघडा दोर कधीं बांधूं नये. रुंद पट्टा गुंडाळावा. भोंवतालची साल सोलली गेली कीं झाड वाळतें, आणि ज्याच्या आधारानें आपण वर आलों त्यास मारून पुढें जाणें कोणासही शोभत नाहीं.