हात लावून बघणं

विमान उडवायच्या आधी वैमानिक त्याच्याभोवती पायी चक्कर मारतो, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. माझा भाचा बारामतीला विमान चालवायला शिकतोय, त्याच्याकडून कळलं. गणपतीत भिवंडीला घरी आला होता, तेव्हा माझ्या प्रश्नांना कंटाळून त्याने कागदावर चित्रच काढून दाखवलं.

चार आसनी सेस्ना १७२. आधी टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून उजेडात धरायचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं; पाणी शिरलं असेल तर ते जड, म्हणून तळाशी बसलेलं दिसतं. मग इंजिनाचं तेल, टायर, बिजागऱ्या. पंख्याच्या पात्याचा टवका उडालाय का, ते हात फिरवून बघायचं. डाव्या पंखाखाली एक नळी असते, तिच्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग कळतो. तिचं झाकण काढून भोक मोकळं आहे ना ते पाहायचं. कुंभारीण माशीला घरट्यासाठी अशी भोकं फार आवडतात. १९९६ साली डॉमिनिकन रिपब्लिकजवळ एक बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसं गेली. ही नळी बुजली होती आणि संशय अशाच घरट्यावर होता. एवढीशी माशी!

मग अँटेना. छपरावर बोलायच्या रेडिओचे, शेपटीवर मिशीसारखा दिशा सांगणारा, पोटाखाली रडारला उत्तर देणारा छोटासा. घट्ट आहेत ना, तडा नाही ना..

मी विचारलं, "हे तुटले तर विमान पडतं का रे?"

"नाही मामा. विमान छान उडतं. फक्त आपलं कोणाला ऐकू जात नाही."

ताई शेजारी दूर्वा निवडत होती. तिचा हात थांबला.

पाठीवर अजून एक अँटेना असतो. विमान आपटलं तर आतलं यंत्र आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देतं. उपग्रह ती झेलतात आणि आपल्याकडे बंगळुरू किंवा लखनौच्या केंद्राला कळवतात. हा मोडलेला असेल तर हाक जागच्या जागी विरते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पुस मॉथमध्ये रेडिओच नव्हता. वाट बघणाऱ्यांनी नुसतं आभाळाकडे बघायचं!

मला आमच्या आळीतले यंत्रमाग आठवले. पाळी बदलताना आधीचा कारागीर "सगळं ठीक आहे" म्हणाला, तरी नवा आलेला धोट्यावरून अंगठा फिरवायचाच. धोट्याला कुसळ आलं असेल तर ताण्याचे धागे तुटतात. त्यावरून कोणी रुसल्याचं मला आठवत नाही. घरात मात्र गॅसचं बटण दुसऱ्यांदा बघितलं की लगेच "माझ्यावर विश्वास नाही का?" अहो, विश्वास माणसावर असतोच. बटणाला त्याचं काय!

असो. पूर्वी भाच्याचा फोन आला की ताई "काही होणार नाही ना रे?" असं विचारायची आणि तो नुसता "नाही गं" म्हणायचा. त्या उत्तराने दोघांचंही समाधान व्हायचं नाही. आता ती विचारते, "अँटेना बघितलेस ना सगळे?"

"हो आई. हात लावून."