पहिल्या बेसचे साटेलोटे

बेसबॉलमधील ‘ट्रेड’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की पंचाईत होते. ‘व्यापार’ म्हणावे तर त्यात पैशाची देवघेव गृहीत असते, आणि इथे पुष्कळदा माणसाच्या बदल्यात माणूसच दिला जातो. ‘बदली’ म्हणावे तर ती एकाच खात्यात, एका गावाहून दुसऱ्या गावी होते. इथे मालकच बदलतो. ‘अदलाबदल’ जवळ जातो, पण तो वस्तूंना शोभतो. विचार करता करता आम्हांला सापडला तो ‘साटेलोटे’ हा शब्द. एका घरची मुलगी दुसऱ्या घरी द्यायची, त्या घरची आपल्याकडे सून म्हणून आणायची आणि देण्याघेण्याचा प्रश्न परस्पर मिटवायचा, अशी ही जुनी रीत. दोन्ही घरांचा हिशेब चुकता होतो. ज्यांच्या जिवावर तो होतो त्या मुलींना मात्र बहुधा कोणी विचारलेले नसते. बेसबॉलच्या सौद्यांना हा शब्द कितपत लागू पडतो, हे पहिल्या बेसच्या उदाहरणावरून पाहावे असे मनात आहे.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. बेसबॉलशी संबंध आला तो बॉस्टनजवळ राहणाऱ्या भाच्यामुळे. तो तेथील रेड सॉक्स संघाचा निस्सीम भक्त. २०२५च्या उन्हाळ्यात दर रविवारी फोनवर खुशालीचे चार शब्द झाले की त्याची गाडी पहिल्या बेसकडे वळे. २ मे रोजी त्या संघाचा पहिल्या बेसवरचा तरुण खेळाडू ट्रिस्टन कसास धावताना कोसळला, गुडघ्याच्या वाटीची कंडरा तुटली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. आता त्या जागी कोण? भाच्याने एका रविवारी एक नाव मांडावे, त्याची तरफदारी करावी आणि पुढच्या रविवारी स्वतःच ते खोडून काढावे. आम्ही ऐकत गेलो, शंका विचारत गेलो आणि मग अध्यापकी सवयीने वाचू लागलो.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढे सांगणे पुरे की, फलंदाजाने चेंडू जमिनीलगत मारला की तो पहिल्या बेसकडे पळत सुटतो आणि क्षेत्ररक्षक चेंडू उचलून तिकडेच फेकतात. तिथला गडी एक पाय बेसला टेकवून आणि दुसरा लांबवर ताणून चेंडू घेतो. चेंडू आधी पोचला तर फलंदाज बाद. फेक वाकडी आली, पायाशी आपटली, तरी ती सावरून घेणे त्याच्याकडे. त्याने ती सावरली तर फेकणाऱ्याची चूक कुठे नोंदलीही जात नाही. इतरांच्या चुका पोटात घालणारी अशी ही जागा आहे. तरीही जाणकारांच्या उतरंडीत क्षेत्ररक्षणाची ती सर्वांत सोपी जागा समजली जाते. ज्याचे पाय मंदावले, ज्याचा खांदा वा कोपर दुखावले, पण ज्याची बॅट अजून चालते, अशाला तिथे उभे करण्याचा प्रघात आहे.

या समजुतीला उजाळा मिळाला तो मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ या २००३च्या पुस्तकाने. जेसन जिआंबी हा ओकलंड संघाचा पहिल्या बेसवरचा मातबर फलंदाज सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर न्यूयॉर्क यँकीजकडे गेला, तेव्हा ओकलंडने आणला स्कॉट हॅटेबर्ग. तो मूळचा कॅचर. कोपराच्या दुखापतीने फेक गेलेली, आधीच्या संघाने मोकळा केलेला. पण चार वाइट चेंडू सोडून बेसवर पोचण्याची कला त्याच्या अंगी होती, आणि ती बाजारात स्वस्त मिळत होती. रॉन वॉशिंग्टन या प्रशिक्षकाने त्याला नवी जागा शिकवली. ४ सप्टेंबर २००२ रोजी त्याच्याच होम रनने ओकलंडने सलग विसावा विजय मिळवला. तेव्हापासून आकड्यांवर विसंबणाऱ्यांना हा दाखला तोंडपाठ आहे.

हे आकडे आम्ही भाच्याकडून समजून घेतले. त्यांतला मुख्य आकडा असा: त्या जागी सहज उपलब्ध होणारा सामान्य खेळाडू उभा केला असता, तर त्याच्या तुलनेत या खेळाडूमुळे किती विजय अधिक मिळाले? त्या विजयांची डॉलरांत किंमत करायची, तीतून पगार वजा करायचा. जे उरते त्याला तिकडे ‘सरप्लस व्हॅल्यू’ म्हणतात. मार्क्सच्या अर्थशास्त्रातील ‘वरकड मूल्य’ ते हेच शब्द घेऊन. योगायोग केवळ शब्दांचा नाही. ज्याला त्याच्या योग्यतेपेक्षा कमी पैसे देता येतात असा कोवळा खेळाडू या तागडीत सर्वांत जड ठरतो, आणि पुरेपूर मोबदला घेणारा सिद्ध खेळाडू हलका. म्हणून सौद्यांत पुन्हापुन्हा एक तयार गडी आणि त्याच्या बदल्यात तीनचार होतकरू पोरे असे गणित दिसते.

रेड सॉक्ससमोर पर्याय होते. घरातलेच रोमी गोन्झालेझ आणि अब्राहम टोरो यांच्यावर आलटूनपालटून भागवणे हा एक. नवख्या ख्रिस्टियन कॅम्पबेलला ती जागा शिकवणे हा दुसरा. बाहेरून कोणी आणावा, पण मे महिन्यात विकणारे घर तोंडाला येईल ती किंमत मागते. उरला राफाएल डेव्हर्स, संघाचा सर्वोत्तम फलंदाज. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार झालेला. वर्षानुवर्षे तो तिसऱ्या बेसवर उभा राहिला. २०२५च्या आरंभी संघाने ॲलेक्स ब्रेगमनला आणले आणि डेव्हर्सला क्षेत्ररक्षणातून काढून केवळ फलंदाजीपुरते ठेवले. तो आधी रुसला, मग तयार झाला. दोन महिने उलटतात तोच कसास पडला आणि त्याच डेव्हर्सला विचारणा झाली: पहिल्या बेसवर उभा राहशील का?

कागदावर यापेक्षा सोपे उत्तर नव्हते. डेव्हर्सने नकार दिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, ग्लोव्ह ठेवून दे, असे तुम्हीच मला सांगितले. आता दुसरा माणूस शोधणे हे तुमचे काम. संघाचे मालक जॉन हेन्री विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याच्याशी बोलले, तरी गाठ सुटली नाही. १५ जून रोजी त्याने यँकीजविरुद्ध होम रन मारला, संघ जिंकला, आणि त्याच दिवशी त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडण्यात आले. बदल्यात आले चौघे. त्यांतला काइल हॅरिसन त्या रात्री जायंट्सकडून गोलंदाजी करणार होता, त्याला सामन्याआधी थांबवण्यात आले. दुसरा, जेम्स टिब्स, सहासात आठवड्यांत पुढच्या सौद्यात डॉजर्सकडे गेला. आमच्या घरी हे ऐकताना साटेलोट्याची आठवण झाली ती इथे.

भाच्याचा मात्र डेव्हर्सवर राग. “मामी, एवढे पैसे घेतल्यावर सांगतील तिथे उभे राहायला काय हरकत आहे?” प्रश्न सहज टाळण्याजोगा नाही. संघ अडचणीत असताना मानापमान कुरवाळत बसणे शोभते का, असे कोणीही विचारील. पण हाच युक्तिवाद छप्पन्न वर्षांपूर्वी दुसऱ्या एका माणसाला ऐकवला गेला होता, आणि योगायोग असा की, त्या सौद्याच्या मुळाशीही पहिला बेसच होता.

सेंट लुइस कार्डिनल्सने १९६९च्या मार्चमध्ये आपला पहिल्या बेसवरचा ऑर्लांडो सेपेडा अटलांटाला देऊन जो टोरी आणला. हंगाम संपल्यावर त्यांना त्या जागी आणखी बलवान फलंदाज हवासा वाटला आणि त्यांनी फिलाडेल्फियाचा डिक ॲलन निवडला. त्यासाठी दिलेल्यांत कर्ट फ्लड होता. तो बाराव्या हंगामापर्यंत कार्डिनल्सकडून मध्यक्षेत्र राखत आलेला, क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह सात वेळा मिळवलेला. ही बातमी त्याला कार्यालयातल्या एका माणसाच्या फोनवरून कळली. त्या काळी करारातल्या एका राखीव कलमामुळे खेळाडूवरचा हक्क वर्षामागून वर्षे संघाकडेच राही. जायचे तर संघ सांगेल तिकडे, नाहीतर खेळ सोडायचा. फ्लडने २४ डिसेंबर १९६९ रोजी आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहिले. आपण इच्छेविरुद्ध विकली जाणारी मालमत्ता नाही आणि इतर संघांचे प्रस्ताव ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे, असा त्याचा आशय होता. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्याने गुलामीची भाषा करावी याचे अनेकांना हसू आले. त्यावर त्याचे उत्तर असे होते की, पगार भरपूर मिळाला म्हणून गुलामी संपत नाही.

१९७०च्या खटल्यात त्याच्या बाजूने साक्ष द्यायला एकही खेळता खेळाडू गेला नाही. निवृत्तांपैकी जे गेले त्यांत जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग होते. १९४७ साली, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या हंगामात, हे दोघेही आपापल्या संघाच्या पहिल्या बेसवर उभे होते. एकाने कातडीच्या रंगावरून शिव्या खाल्लेल्या, दुसऱ्याने ज्यू म्हणून. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने, एवढेच काय ते शेवटचे.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट सरळ होईल, पण ती सरळ नाही. ज्याच्यासाठी फ्लडला देण्यात आले तो ॲलन फिलाडेल्फियाला कंटाळून सुटका मागत होता. तिथले प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकत, म्हणून तो मैदानातही हेल्मेट घालून उभा राहत असे. म्हणजे एकाच सौद्यात एकाला तुरुंगाचे दार उघडल्यासारखे वाटले आणि दुसऱ्याला तेच दार लागल्यासारखे. आकड्यांच्या कोष्टकात दोघांपुढे एकच क्रिया नोंदली गेली असती. आणि सुटका झालेल्या ॲलनला तरी स्थैर्य मिळाले का? सेंट लुइसमध्ये ३४ होम रन मारूनही एका हंगामानंतर त्याला लॉस एंजेलिसला पाठवण्यात आले. ॲलनला मृत्यूनंतर, २०२५ मध्ये, हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. फ्लडला ते मिळालेले नाही.

हे वाचताना आम्ही तटस्थ होतो असे नाही. ‘सरप्लस’ हा शब्द आमच्या कानांना परिचयाचा आहे. आमच्या स्टाफरूममध्ये त्याला ‘अतिरिक्त’ म्हणतात. मराठी विशेष स्तराचे विद्यार्थी घटले, कार्यभार कमी पडला आणि काही वर्षांपूर्वी आम्हां दोघांपैकी एकाचे नाव त्या यादीत लागले. मग ‘समायोजन’ झाले. साठ किलोमीटरवरचे दुसरे महाविद्यालय, तोच पगार, तोच विषय. हिशेबाने कोणाचेही नुकसान नव्हते, आणि नव्या ठिकाणचे विद्यार्थी तर अधिक मन लावून शिकणारे निघाले. खटकले ते इतकेच की, पत्र येईपर्यंत कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर बहुधा होच म्हटले असते. ज्यांनी डेव्हर्सला हट्टी ठरवले त्यांना हा ‘बहुधा’ कळणे अवघड आहे.

कारण पुढे काय झाले पाहा. जुलै २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हाच डेव्हर्स ग्लोव्ह घालून पहिल्या बेसवर उभा राहिला. जे काम बॉस्टनमध्ये त्याला मान्य नव्हते ते तिथे जमले. काम तेच, माणूसही तोच. विचारणाऱ्यांशी त्याचा पूर्वीचा हिशेब तेवढा नव्हता. बॉस्टनने ३१ जुलैची मुदत पहिल्या बेसवर कोणालाही न आणता जाऊ दिली, ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने मोकळा केलेला नॅथॅनियल लो घेतला, आणि तो संघ यँकीजकडून हरून बाहेर पडला. डेव्हर्स असता तर काय झाले असते, याचे उत्तर आकड्यांत मांडता येते असे भाचा म्हणतो. येतही असेल. पण डेव्हर्स ‘असण्या’साठी जे करायला हवे होते, ते त्या कोष्टकात कोणत्या रकान्यात लिहायचे?

तसा एक रकाना फ्लडच्या पराभवानंतर खरोखर तयार झाला. १९७३च्या सामूहिक करारात असे कलम आले की, ज्या खेळाडूची दहा वर्षे झाली आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात गेली, त्याला त्याच्या संमतीशिवाय पाठवता येणार नाही. डिसेंबर १९७५च्या लवादाने राखीव कलमाचा कणा मोडला. पुढे काही खेळाडू वैयक्तिक करारातच नकाराधिकार लिहून घेऊ लागले. डेव्हर्सची दहा वर्षे भरलेली नव्हती. त्याला विचारण्याचे बंधन बॉस्टनवर नव्हते.

बॉस्टनचा शोध संपला तो डिसेंबर २०२५ मध्ये. त्यांनी आणला विल्सन कॉन्ट्रेरास, ३३ वर्षांचा, मूळचा कॅचर, त्याच वर्षी पहिल्या बेसवर आलेला. बदल्यात तीन तरुण गोलंदाज गेले. तो आला कार्डिनल्सकडून, म्हणजे ज्यांनी फ्लडला एका फोनवर धाडले त्यांच्याकडूनच. या वेळी मात्र दोन्ही संघांचा हिशेब जुळून भागले नाही. कॉन्ट्रेरासच्या करारात नकाराधिकार होता. त्याने होकार दिला आणि मगच सौदा झाला.