एका चिलमीवर कोण बसत असे?

१/ नगर-मनमाड रस्त्याने राहुरी सोडून शिर्डीकडे निघालेल्या प्रवाशाला दुतर्फा ऊस दिसतो. तंबाखूचा आणि या मुलखाचा काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण मुळा-प्रवरेच्या काठचा जुना गाव समजून घ्यायचा असेल, तर वितीएवढ्या मातीच्या नळीकडे पाहावे लागते. ही नळी म्हणजे चिलीम. ती कशी ओढली जाई, यापेक्षा ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती जाई, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

२/ आधी तंबाखूचा प्रवास. हे पीक मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगिजांबरोबर ते पश्चिम किनाऱ्यावर आले, आणि ‘तंबाखू’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. उत्तरेच्या आधी ते दख्खनेत रुळले. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि एक सुंदर रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. अकबराने काही झुरके घेतले. हकिमाने मात्र हरकत घेतली: आपल्या ग्रंथांत ज्याचा उल्लेख नाही, ते फिरंग्यांचे पाहून का स्वीकारावे?

३/ पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. ती टिकली नाही. जी वस्तू दरबारात नवलाई म्हणून आली, ती काही पिढ्यांत शेतकऱ्याच्या चंचीत जाऊन बसली. चंची म्हणजे अनेक कप्प्यांची कापडी पिशवी. पान, सुपारी, चुना, तंबाखू, आणि विस्तवासाठी चकमक, गारगोटी व कापूस असा सारा संसार माणूस कमरेला बाळगून हिंडे.

४/ धूम्रपानाचीही दोन घराणी होती. सरदार-सावकारांच्या बैठकीत गुडगुडी किंवा हुक्का असे. त्यासाठी तंबाखू कुटून गूळ वा काकवीत मळला जाई. कुणी त्यात सुगंधी द्रव्येही मिसळत. धूर पाण्यातून गार होऊन येई, आणि हुक्का सांभाळायला स्वतंत्र नोकर लागे. शेतावरच्या माणसाला हा थाट परवडणारा नव्हता. त्याची चिलीम कुंभाराच्या चाकावरून येई आणि तिच्यात सुका तंबाखू भरला जाई.

५/ चिलीम भरणे ही एक लहानशी कला होती. तंबाखू तळहातावर अंगठ्याने चोळून घ्यायचा. चिलमीच्या तळाशी बारीक खडा बसवायचा, म्हणजे तंबाखू तोंडात येत नाही. अरुंद टोकाला ओले फडके गुंडाळायचे. हीच छापी. वर गोवरीचा निखारा ठेवायचा आणि दोन्ही हातांची ओंजळवजा मूठ करून झुरका घ्यायचा. नव्या चिलमीला मातीची चव असते. वापरून काळवंडलेली, हाताला सवयीची झालेली चिलीम म्हणूनच जिवाभावाची ठरते. ती कोंदली की विस्तवात भाजून पुन्हा मोकळी करता येते.

६/ मोटेची पाळी संपली, बैल सोडले, की लिंबाखाली चिलीम पेटे. ती एकट्याने ओढण्याची वस्तू नव्हती. एक जण भरी, दुसरा निखारा आणी, तिसरा पहिला झुरका कुणी घ्यायचा ते सुचवी. तेवढ्या वेळात पावसाचा अंदाज, बैलाचा भाव, सोयरीक आणि भावकीतले भांडण हे सारे बोलून होई.

७/ या पद्धतीचा उत्तम पुरावा राहुरीपासून सुमारे ५० किलोमीटरवर सापडतो. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘श्री साईसच्चरिता’त धूपखेड्याच्या चांद पाटलाची कथा आहे. हरवलेल्या घोडीचा शोध घेत, खोगीर खांद्यावर टाकून तो चालला होता. झाडाखाली बसलेल्या फकिराने त्याला चिलीम ओढायला बोलावले. विस्तव नव्हता, तेव्हा फकिराने चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला. छापी भिजवायला पाणी नव्हते, तेव्हा सटका आपटून पाणी काढले. भाविक ही कथा चमत्कार म्हणून वाचतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीत आणखी एक गोष्ट दिसते: चिलमीला नेमके काय काय लागते याची बिनचूक नोंद, आणि अनोळखी वाटसरूशी ओळख चिलमीपासून सुरू होई याची खूण.

८/ मात्र चिलमीच्या वर्तुळाचे सुंदर चित्र रंगवताना एक प्रश्न टाळता येत नाही. त्या वर्तुळात बसत कोण? ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याची छापी तरी ओठाजवळ कशी चालणार? उत्तर हिंदुस्थानात जातीबाहेर टाकण्याला ‘हुक्का-पाणी बंद’ म्हणतात, ते उगाच नव्हे. चिलीम मुठीतून ओढली जाते, नळी थेट ओठांना लागत नाही. त्यामुळे थोडी पळवाट असे. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला तीही क्वचितच मिळे. पारावरचा धूर सगळ्यांना दिसे, झुरका सगळ्यांचा नसे.

९/ म्हणूनच शिर्डीच्या मशिदीतली चिलीम वेगळी ठरते. अमरावतीचे नामांकित वकील, लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ या काळात शिर्डीत राहिले. बाबांनी आपल्या चिलमीचा झुरका दिला आणि मनातल्या शंका फिटल्या, अशा आशयाची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. एक ब्राह्मण वकील मशिदीत बसून फकिराची चिलीम ओढतो आणि ते लपवत नाही, आनंदाने लिहून ठेवतो. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात ही चार शब्दांची नोंद एखाद्या ठरावाहून कमी मोलाची नाही. बाबांचे देहावसान १५ ऑक्टोबर १९१८ रोजी झाले. त्यांच्या चिलमी आजही शिर्डीच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत.

१०/ चिलीम मागे पडली ती कुणाच्या बंदीमुळे नव्हे. आगपेटी आली, विडी आली. विडीला छापी नको, खडा नको, निखारा नको आणि सोबतीही नको. माणूस एकटा चालता चालता ओढू लागला. उष्ट्याचा प्रश्न आपोआप मिटला आणि त्याबरोबर एकत्र बसण्याचे निमित्तही गेले.

११/ या सोयीची किंमत इतरांनी मोजली. नगर आणि संगमनेरच्या घराघरांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळू लागल्या. तेंदूचे पान, चिमूटभर तंबाखू, दोरा, आणि दिवसभर नाकात जाणारी भुकटी. विडीचा तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीच्या शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले. ६ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. सुखाच्या झुरक्याचा हिशेब मांडताना ही नावेही त्याच वहीत येतात.

१२/ तंबाखूने किती फुप्फुसे पोखरली हे आज सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा चिलीम परत यावी, असे कुणी म्हणणार नाही. पण ती अभ्यासण्याजोगी मात्र आहे. घरातल्या आजोबांना चिलमीची चव विचारण्याआधी एवढेच विचारावे: तुमच्या पारावर चिलीम कुणाकुणाच्या हाती जात असे, आणि कुणापाशी येऊन थांबत असे? गावाचा जो नकाशा कोणत्याही दप्तरात सापडत नाही, तो त्या उत्तरात सापडेल.