गोरी मिस कधी येणार?

बुटवल सोडलं की सिद्धार्थ राजमार्ग तिनाऊ नदीच्या घळीतून डोंगरात शिरतो. दरडी कोसळण्यासाठी हा टप्पा प्रसिद्ध. तिथेच सिद्धबाबाचं देऊळ आहे. ते आलं की बसमधलं कानाला फोन लावलेलं पोरगंही हात जोडतं. मीही जोडले. खिडकीतून दरी दिसली की श्रद्धा बसायला फार वेळ लागत नाही.

२०१९ चा नोव्हेंबर होता. रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौली, कमानीखालून चालत नेपाळ, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. तानसेनला मुक्काम करून ढाका टोप्यांच्या दुकानांतून हिंडले, दही-बटाट्याची चुकौनी खाल्ली. मग रामदीला काली गंडकीचा पूल. शाळिग्राम याच नदीतले. पुलापलीकडे स्यांजा जिल्हा सुरू होतो आणि तिथल्या एका डोंगरगावात माझी भाची सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत होती.

भाची जन्माने न्यू जर्सीची, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या उपक्रमातली स्वयंसेवक. तिची आई, म्हणजे माझी चुलत बहीण, फोनवर म्हणाली, "ताई, तू आयुष्यभर मास्तरकी केलीस. जरा बघून ये गं, ही तिथे नक्की करते काय." मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. तपासणीला येणारे साहेब खूप पाहिले होते. आता साहेब व्हायची माझी पाळी.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली पीस कोअर काढलं आणि पुढच्याच वर्षी पहिली तुकडी नेपाळात आली. तिथली राणा घराण्याची राजवट जाऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या काळात सामान्य माणसाच्या पोराला शाळा जवळजवळ नव्हतीच. पन्नासच्या दशकातल्या जनगणनेत लिहिता-वाचता येणारे शंभरात पाचच्या आसपास भरले. शाळा काढायच्या तर शिक्षक आणायचे कुठून? म्हणून ही कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली अमेरिकन मुलं. माओवादी संघर्षात २००४ साली हे काम थांबलं, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झालं. आपल्याकडेही ही मंडळी येऊन गेलीत. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, विक्रोळीत येऊन राहिल्या होत्या. त्या मात्र परिचारिका.

भाची हमरस्त्यावर घ्यायला आली होती. सोबत हेडसर, मोटारसायकल घेऊन. माझी बॅग मोटारसायकलवरून वर गेली आणि आम्ही दोघी पायी. स्वयंसेवकाने मोटारसायकलवर बसायचं नाही असा पीस कोअरचा दंडक आहे. मोडला तर थेट घरी पाठवतात. त्या चढाला मी केनेडींसकट सगळ्यांना मनात चार शब्द सुनावले. वाटेत कोदो, म्हणजे आपली नाचणी, कापणीला आलेली. झाडांवर संत्री रंग धरत होती. मध्येच एका ओट्यावर एक म्हातारा भेटला. भारतीय लष्करातला निवृत्त गुरखा सैनिक, पेन्शन पोखऱ्याला मिळते. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्याने विजारीचा पाय वर करून कृत्रिम पाय दाखवला. "पुणे," तो म्हणाला. लष्कराच्या केंद्रात बसवून घेतलेला.

भाची ज्या घरी राहत होती तिथली आमा, म्हणजे घरची आई, माझ्याच वयाची. एक मुलगा कतारला, दुसरा मलेशियात. रात्री ढिंडो, म्हणजे नाचणीच्या पिठाची घट्ट उकड, आणि गुंद्रुकाचा, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा, रस्सा. मला नाचणी परकी नाही, मी दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा आमाने भाचीकडे असं पाहिलं की बघ, खातात कसं. पीस कोअरची मुलं पहिले तीन महिने अशाच घरात राहून भाषा शिकतात, मग दोन वर्षं काम. न्यू जर्सीच्या मराठी शाळेत पाच वर्षांत जी बाराखडी हिच्या गळी उतरली नाही, ती इथे तीन महिन्यांत उतरली. कारण साधं आहे. बसच्या पाट्या वाचता आल्या नाहीत तर बस चुकते.

याच जिल्ह्यात सत्तरच्या दशकात ब्रॉटन कोबर्न नावाचा तरुण पीस कोअरचा शिक्षक म्हणून आला आणि एका वृद्ध गुरुंग बाईच्या घरी राहिला. पुढे तिच्यावर त्याने 'नेपाली आमा' हे पुस्तक लिहिलं. शिकवायला आलेल्या माणसाचं नाव राहिलं ते घरमालकिणीमुळे.

हेडसरांनी दुसऱ्या दिवशी चहा पाजत भाचीच्या आगमनाची गोष्ट सांगितली. अमेरिकन मिस येणार म्हणून गावाने झेंडूच्या माळा केल्या होत्या. जीपमधून उतरली ही सावळी, काळ्या केसांची. लोक तिच्या मागे जीपमध्ये डोकावून पाहत राहिले. "अमेरिकन कुठाय?" दोन महिने पालक विचारत होते, गोरी मिस कधी येणार? हेडसर खो खो हसले, भाची हसली नाही. त्यांचा हिशेबही चुकलेला होता. खाली बाजारात खासगी 'बोर्डिंग' शाळा आहे, तिची पिवळी बस वरपर्यंत येऊन मुलं घेऊन जाते. शाळेत गोरी मिस दिसली असती तर पट वाढला असता. मला त्यांचा राग येईना. वीसच्या खाली पट गेला की शाळेचं काय होतं, ते मी वाड्यावस्त्यांवर पाहिलं आहे.

चौथीच्या वर्गात मी मागे बसले. नियम असा की एकटीने शिकवायचं नाही, नेपाळी शिक्षिकेच्या जोडीने शिकवायचं. भाचीने बाटल्यांची झाकणं गोळा करून प्रत्येकावर एकेक इंग्रजी अक्षर रंगवलं होतं. झाकणं मांडून शब्द करायचे. थोड्याच वेळात 'ई' संपले. इंग्रजीला 'ई' फार लागतात, हे झाकणं रंगवताना हिच्या लक्षात आलं नव्हतं. दोन मुलींची ओढाओढी सुरू झाली. तेवढ्यात तिसरीने बॉलपेन काढलं, 'सी'च्या पोटात आडवी रेघ मारली आणि 'ई' तयार करून टाकला. भाचीने कौतुक केलं आणि ती टाचणातल्या पुढच्या भागाकडे वळली. नेपाळी मिसने थांबवलं. त्या मुलीला पुढे बोलावून सगळ्यांना रेघ मारून दाखवायला लावली, शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला उचलून फळ्याशी आणलं. त्याला लांबचं दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. टाचण छान होतं, मेहनत खरी होती. पण वर्गात शिक्षक कोण, असं विचाराल तर माझं मत त्या नेपाळी बाईला. भाचीने झाकणं आणली हे तिचं श्रेय. ती गेल्यावर झाकणं कपाटातून बाहेर निघतील की नाही, ते ठरवणार ही बाई. आणि जायची वेळ लवकरच आली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे पीस कोअरने जगभरातले जवळपास सात हजार स्वयंसेवक एका झटक्यात परत बोलावले. भाचीला सामान आवरायलाही धड वेळ मिळाला नाही.

त्या नोव्हेंबरात गावातून निघाल्यावर पुढे पोखऱ्याच्या लेकसाइडला पाट्या पाहिल्या: डॉलर भरा, दोन आठवडे अनाथ मुलांना शिकवा. नेपाळातल्या अशा कित्येक 'अनाथ' मुलांचे आईबाप हयात असतात, हे आता उघड गुपित आहे. पाहुणे येतात म्हणून मुलं जमवली जातात. त्यापुढे 'ई' मोजायला विसरणारी, पण दोन वर्षांच्या बोलीने राहायला आलेली पोर मला फार सरस वाटते.

त्याआधी, गावातून निघायच्या दिवशी हेडसर दारात. गणिताचे सर नव्हते, पाचवीचा एक तास घ्याल का? घेतला. हिंदी, हातवारे आणि संत्री. संत्रं सोलायचं, फोडी मोजायच्या, अपूर्णांक फळ्यावर. देवनागरी आकडे तेच, त्यामुळे अडलं नाही. एकाने अंश खाऊन टाकला आणि नुसत्या छेदाचं काय करू म्हणून विचारलं.

तास संपल्यावर हेडसर गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं राहा ना. खोली शाळेला लागून देतो, चढ नाही." मी म्हटलं, नोव्हेंबर चाललाय, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मला महिनाअखेर गावी पोचायला हवं. पुण्याचा पाय लावलेला म्हातारा तिथेच बसला होता. त्याने समजून मान डोलावली. हेडसरांना हे कारण मुळीच पटलं नाही.