हलन्ताची कळ

गेल्या वैशाखात आमच्या घरच्या लॅपटॉपची एक कळ बंद पडली. एका कळेपायी एवढा आकांत कशास, असे वाचकांस वाटेल. परंतु गेलेली कळ हलन्ताची होती, आणि आम्ही त्या वेळी तीर्थरूपांच्या हातची संस्कृत टिपणांची वही उतरवून घेत होतो. वहीची पाने हात लागताच तुटत होती. काम पुढे ढकलण्याजोगे नव्हते.

ज्यांनी मराठी कळफलक वापरला नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली प्रमाण ठरविलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असतात. मधल्या ओळीतील प, क, त, च, ट यांच्या माथ्यावर अनुक्रमे ब, ग, द, ज, ड बसविले आहेत. आणि शिफ्टची कळ दाबून धरली की ‘क’च्याच कळेतून ‘ख’ व ‘ग’च्याच कळेतून ‘घ’ निघतो. लहानपणी ज्याने वर्णमाला घोषाघोष व अल्पप्राण-महाप्राण या भेदांसह पाठ केली, त्यास ही रचना फारशी नवी वाटत नाही. जोडाक्षर साधते ते डाव्या हाताच्या हलन्ताने. इंग्रजीत तीच ‘डी’ची कळ. ती गेली की अक्षराचा पाय मोडता येत नाही, आणि ‘विद्या’ची ‘विदया’ व ‘भक्ती’ची ‘भकती’ होऊन बसते.

दोष कोणाचा, याचा निवाडा आम्ही तत्काळ करून टाकला. आमचा दहा वर्षांचा नातू सुटीत त्याच यंत्रावर खेळत असे व पन्ह्याचा पेला जवळ घेऊन बसे. ‘‘आजोबा, मी काही सांडलं नाही,’’ असे तो म्हणाला. मास्तरकीत अशी उत्तरे आम्ही छत्तीस वर्षे ऐकलेली. त्यास यंत्राला हात लावण्याची मनाई झाली. तो रडला नाही, वाद घालीत बसला नाही. मुकाट्याने उठून गेला.

सूनबाईंनी प्रथम दुसरा सुटा कळफलक जोडून पाहिला. त्यावर हलन्त बरोबर उमटला. अर्थात विकार यंत्राच्या आज्ञावलीत नसून कळेतच आहे, हे सिद्ध झाले. धाराशिवातल्या एका दुकानी आठ दिवस यंत्र ठेवून जाण्यास सांगण्यात आले. तेव्हा ते घरीच उघडावे असे ठरले.

यंत्र बंद करून विजेची तार काढली, मागील बाजूची बॅटरी उतरविली, आणि कळेचे टोपण नखाने हळूच उचलले. खाली अडकित्त्याच्या पात्यांप्रमाणे एकमेकींत गुंतलेल्या दोन इवल्या चौकटी व त्यांमध्ये रबराची टोपी असते. ती दबली म्हणजे तळच्या पातळ पापुद्र्यांवरील वाहक रेषा एकमेकींस भिडतात व अक्षर उमटते. त्या टोपीभोवती चहाचा वाळलेला चिकट थर होता, आणि त्यात सुपारीचे दोन कण रुतले होते. घरात सुपारी कातरून खाणारे आम्ही एकटेच. चहाचा पेला आणि सुपारीचा डबा, दोन्ही आमच्या डाव्या हाताशी असतात. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्या कापूस आणावयास आत गेल्या.

आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजविलेल्या कापसाने जागा पुसली. कळ दोन दिवस चालली व पुन्हा निमाली. साखरेच्या चहाने आतील रेषाच खाल्ल्या होत्या. मग यंत्राच्या तळाशी छापलेला क्रमांक पाहून त्याच जातीचा नवा कळफलक मागविला. आमचे यंत्र जुन्या घडणीचे, म्हणून हे साधले. पुष्कळ नव्या यंत्रांत कळफलक वरच्या सांगाड्यास कायमचा जडवलेला असतो, तेथे हे धाडस करू नये. स्क्रू लहानमोठे असतात, म्हणून कागदावर यंत्राची आकृती काढून प्रत्येक स्क्रू काढल्या जागी ठेवला. जुना कळफलक निघाला. परंतु नव्याची कागदासारखी पातळ पट्टी ज्या खाचेत बसवावयाची, तिची अडणी गव्हाच्या दाण्याएवढी. तेथे आमची बोटे चालेनात, आणि सूनबाईंनाही धीर होईना.

तेव्हा नातवास हाक मारावी लागली. तो आला, त्याने नखाने अडणी उचलली, पट्टी सरळ आत सरकविली आणि अडणी दाबून बसविली. ‘‘आता चालू करा, आजोबा,’’ एवढेच म्हणाला. ‘विद्या’ नीट उमटली. आम्ही त्यास जवळ बसवून सुपारीची हकीकत सांगितली व चूक आपली असल्याचे कबूल केले. ‘‘मला ठाऊक होतं,’’ तो म्हणाला, ‘‘पण तुम्ही ऐकत नव्हता.’’

वहीचे काम आषाढात पुरे झाले. एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. इनस्क्रिप्टमध्ये ‘क्ष’ला हलन्त लागत नाही, अंकांच्या ओळीत शिफ्टसह सात दाबला की तो आयताच मिळतो. म्हणजे कळ बंद होती त्या सर्व दिवसांतही ‘क्षमा’ हा शब्द आम्हांस बिनचूक लिहिता आला असता.