होय किंवा नाही

परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोनच गोष्टी विचारतात. तिकिटाला किती पडले आणि खायला काय काय नेताय? तो देश तुम्हाला काय काय विचारणार आहे, हे कोणी विचारत नाही. ते आपलं आपल्यालाच कळतं, अर्ज भरायला बसलं की. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तर फारच कळतं! आम्ही दोघं २०२३ साली धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेलो होतो. हल्ली कॉलनीतलं कोणी ना कोणी तिकडे निघालेलं असतं, आणि मग "तुम्ही जाऊन आलाय ना, जरा सांगा" म्हणून मंडळी येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

पहिलं म्हणजे व्हिजा. आमचा अर्ज लेकच तिकडून भरत होती, ऑनलाइन. ती एकेक प्रश्न वाचून दाखवायची आणि आम्ही इकडून फोनवर उत्तरं द्यायचो. जन्मतारीख, पेन्शन, भावंडं किती, असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग तब्येतीचे प्रश्न आले. "बाबा, तुम्हाला कधी टीबी झाला होता का? नाहीच लिहिते हं," असं म्हणत ती पुढे निघालीसुद्धा.

हे म्हणाले, "थांब. होय लिही."

फोनवर चित्र दिसत होतं, त्यामुळे तिचा चेहरा मी पाहिला. सदतीस-अडतीस वर्षांच्या आमच्या मुलीला ही गोष्ट त्या क्षणी पहिल्यांदा कळली.

यांना १९७३ साली क्षय झाला होता. तेव्हा आत्तासारखी सहा महिन्यांची औषधं नव्हती. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, गोळ्या, असं दीड वर्ष चाललं. घरात यांची ताटवाटी वेगळी, कपबशी वेगळी. बरे झाल्यावरही ती कपबशी काही महिने फडताळात तशीच वेगळी होती म्हणे. आमचं लग्न १९७६चं. पाहण्याच्या कार्यक्रमात पाच मिनिटं बोलायला दिली होती, त्यात यांनी पहिल्याच वाक्यात मला हे सांगून टाकलं. (दुसरं वाक्य काय होतं ते आता दोघांनाही आठवत नाही.) मला ते आवडलं होतं. पण त्या काळी क्षय म्हणजे घराण्याला डाग. मुलींची लग्नं व्हायची होती, म्हणून सासूबाईंनी घातलेला उंबरा आम्ही कधी ओलांडला नाही. मुलींची लग्नं झाली, सासूबाई गेल्या, आणि मग तो विषय निघायचं कारणच उरलं नाही. सत्तेचाळीस वर्षं आमच्या घरात कोणी न विचारलेला प्रश्न एका परक्या सरकारने विचारला.

त्या सरकारला तो का विचारावासा वाटतो, तेही सांगते. जगातल्या क्षयरोग्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या भारतात आहे, आणि ऑस्ट्रेलियात हा रोग फार कमी. त्यामुळे आपल्याकडून सहा महिने किंवा जास्त राहायला जाणाऱ्यांना छातीचा एक्सरे बहुधा काढावाच लागतो. आम्ही पाचच महिने राहणार होतो. पण पंचाहत्तरी ओलांडली की मुक्काम कितीही असो, व्हिजिटर व्हिजासाठी वैद्यकीय तपासणी सांगतात. हे शहात्तरचे. मी बहात्तरची, म्हणून सुटले. ही तपासणी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चालत नाही, त्यांनी नेमलेल्या ठराविक डॉक्टरांकडेच जावं लागतं.

एक्सरेत यांच्या उजव्या फुप्फुसाच्या टोकाला जुना डाग दिसला. दिसणारच होता. मग लागोपाठ तीन सकाळी थुंकीचे नमुने द्यायचे आणि अहवालाची वाट पाहायची. किती? आठ आठवडे. बाकीचे जंतू एका रात्रीत वाढतात, हा क्षयाचा जंतू मात्र अतिशय सावकाश. त्यामुळे "वाढला नाही" असं खात्रीने म्हणायलाच प्रयोगशाळेला एवढा वेळ लागतो. तिकडे लेकीचे दिवस जूनमध्ये भरत होते आणि इकडे आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी हे नमुने देऊन बसलो होतो.

त्या आठ आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. मधेच २४ मार्च आला. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून हा जागतिक क्षयरोग दिन. शाळेत असताना मी दरवर्षी त्या दिवशी फळ्यावर माहिती लिहायचे. यंदा वाचायला समोर हे एकटेच होते, आणि हे वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. एकदाच म्हणाले, "तू एकटी जा. मुलीला आई लागते, बाप नंतर आला तरी चालतो." मी उत्तर दिलं नाही. लेक मात्र रोज फोन करू लागली, आणि माझ्याशी नाही, यांच्याशी बोलायला. इंजेक्शन दुखायचं का, कॉलेज बुडलं का, भेटायला कोण यायचं... हे उत्तरं देत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. त्यातलं निम्मं मलाही नवीन होतं.

एप्रिलच्या शेवटी अहवाल आला. काही नाही! मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांचे व्हिजे आले.

आता दुसरं प्रकरण, सामानाचं. बाळंतपणाला जाणारी आई मोकळ्या हाताने जाते होय? डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा, ओवा, घरचं मेतकूट, अशी यादी मी केली होती. ती वाचून लेकीने तिकडची यादी पाठवली, काय आणायचं नाही त्याची. तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, चवळी, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या. मला वाटलं ही चेष्टा करतेय. आमच्या मांडणीवरचे डबे कोणीतरी ओळीने वाचून काढावेत तशी ती यादी!

या सगळ्यामागे एक किडा आहे. खपरा. नावसुद्धा आपलंच, इंग्रजीतही त्याला खपराच म्हणतात. साठवलेल्या धान्यातला हा किडा मूळ आपल्याच भागातला मानतात. दिसायला जेमतेम तिळाएवढा, पण त्याची अळी फटीत दडून अन्नावाचून कित्येक महिने, वर्षंसुद्धा तग धरते. ऑस्ट्रेलिया गहू विकून जगणारा देश. त्यांच्या कोठारांत हा शिरला, तर गिऱ्हाइकं पाठ फिरवतील. म्हणून २०२०-२१च्या सुमारास त्यांनी हे नियम फार कडक केले. लाडवांचं कारण निराळं, त्यातलं तूप. आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकत होतो, म्हणून इथलं दूधदुभतं नको. पेढे, बर्फी, गुलाबजाम, सगळे त्यातच आले. २०२२ साली हा रोग इंडोनेशियात पसरला तेव्हा ऑस्ट्रेलियाने विमानतळांवर बूट पुसायला औषधाची पायपुसणी घातली होती. त्याच सुमारास बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पिशवीत अंडं-सॉसेज घातलेले दोन पाव आणि एक हॅमचा क्रोसाँ निघाला. सांगितलं नव्हतं म्हणून दंड २,६६४ डॉलर! आणि २०१९ साली सिडनीला उतरलेल्या एका बाईंच्या सामानात कच्चं डुकराचं मांस निघालं, तेव्हा त्यांचा व्हिजाच रद्द करून त्यांना परत पाठवलं.

हे अति आहे, असं आमच्या ओळखीतले बरेच जण म्हणतात. मला नाही वाटत. त्या लोकांनी पाहुण्यांपायी फार भोगलंय. १८५९ साली एका जमीनदाराने शिकारीसाठी डझन-दोन डझन ससे सोडले, त्यांनी पुढे अर्धा खंड कुरतडला. १९३५ साली उसावरचा भुंगेरा खायला बेडूक आणले, ते भुंगेरे सोडून बाकी सगळं खात सुटले. फड्या निवडुंगाने लाखो हेक्टर जमीन गिळली. शेवटी १९२०च्या दशकात अर्जेंटिनातून एक पतंग आणला, त्याच्या अळ्यांनी तो खाल्ला. आणि आपण तरी कुठे सुटलोय? गाजर गवत पुण्यात १९५५च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सगळेच सांगतात. आमच्या शाळेच्या मैदानावरचं ते उपटायला दर पावसाळ्यात मी मुलांना घेऊन उतरायचे, आणि मग पोरांच्या हाताला पुरळ उठायचं. त्या वेळी आपल्या बंदरावर कोणी एक चौकट भरून घेतली असती तर...! असो.

शिवाय आपलं सरकारही काही गोष्टींत गप्प बसत नाही बरं का. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याकडे लस घेतल्याचा दाखला नसेल, तर आपण त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतो. तो रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे.

विमानात ते पत्रक हातात आलं. प्रत्येक ओळीपुढे दोन चौकटी, होय आणि नाही. २०२४पासून हे मोबाइलवर भरून घ्यायचा प्रयोग सुरू झालाय म्हणतात. आमच्या वेळी कागदच होता. त्यातही क्षयाचा प्रश्न आहे. मी चष्मा लावून नीट वाचला. व्हिजाच्या अर्जात विचारलं होतं, "कधी झाला होता का?" इथे विचारलंय, "सध्या आहे का?" जन्मभर मराठी शिकवल्यामुळे काळ पहिला दिसतो मला. यांना दाखवलं. यांनी पेन घेतलं आणि "नाही"च्या चौकटीत अशी ठसठशीत खूण केली की पत्रकाच्या मागच्या बाजूला वळ उठला.

बाकी "होय" बरेच केले. औषधं, होय. (तीन महिन्यांपुरतीच न्यावीत, मूळ वेष्टनात, आणि सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र असावं.) लाकडी वस्तू, होय, कारण बाळाच्या पाळण्यावर टांगायला सावंतवाडीचा लाकडी पोपट नेला होता. गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होतात का, होय. निघायच्या आधी दिरांकडे जाऊन आलो होतो. मी सगळ्यांना हेच सांगते, शंका आली की "होय" करा. होय म्हटल्याबद्दल दंड नाही. फार तर वस्तू ठेवून घेतील.

उतरल्यावर एक लॅब्रॅडॉर कुत्रा सामान हुंगत फिरत होता. एका मुलाच्या पाठपिशवीपाशी तो शांतपणे बसला. बसणं हीच त्याची खूण. पिशवीत केळं निघालं, विमानात खायचं राहिलेलं. आमच्या टेबलावरच्या मुलीने यांच्या बुटांचे तळ पाहिले. मी ते ब्रशने धुऊन आणले होते. तिने मान डोलावली. पोपट मात्र उलटा-सुलटा करून, भोकं आहेत का ते बॅटरीने पाहिलं आणि हसून परत दिला. लेक बाहेर उभी होती. ती आधी यांच्या गळ्यात पडली.

नात १९ जूनला झाली. डिंकाचे लाडू तिथल्या तुपात, तिथल्या खोबऱ्याचे केले. बाळंतशोपा मिळतील असं वाटलं नव्हतं, पण डँडेनाँग भागात आपल्या लोकांची भरपूर दुकानं आहेत, तिथे एका फळीवर सापडल्या. रीतसर तपासणी होऊन आलेल्या असणार. पाकिटावर लिहिलं होतं, भारतात उत्पादित. किंमत वाचून हे म्हणाले, "एवढ्यात आपल्याकडे पोतं आलं असतं."

मी चार पाकिटं घेतली.